लहान मुलाचा ताप: पहिलं अँटिबायोटिक चाललं नाही तर पुढे काय?

ओली_माती | सोमवार, रात्री ११:४०

मुलगी पावणेदोन वर्षांची, वजन ११ किलो. आज तापाचा सहावा दिवस. पहिले दोन दिवस नुसतं पॅरासिटामॉल दिलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, घसा किंचित लाल वाटतोय म्हणाले आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड सुरू केलं. त्याचे तीन दिवस आज संध्याकाळी पूर्ण झाले. ताप मात्र जिथल्या तिथे. पॅरासिटामॉलचा अंमल असेपर्यंत १०० वर येतो, मग अंगात कापरं भरून १०३. सर्दी नाही, खोकला नाही. ताप उतरला की थोडं खेळते, चढला की खांद्यावरून खाली उतरत नाही. आज दोनदा उलटी झाली.

उद्या सकाळी परत बोलावलंय. फोनवर म्हणाले, "औषध बदलू, नाहीतर दाखल करून इंजेक्शन देऊ." नवऱ्याचं म्हणणं आत्ताच्या आत्ता दाखल करू. सासूबाई म्हणतात औषधाला वेळ तरी द्या. मी दोघांच्या मध्ये.

डॉक्टरांवर अविश्वास अजिबात नाही. पण पहिलं चाललं नाही तर दुसरं कशाच्या आधारावर ठरवतात? उद्या मी काय विचारू? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. झोप तशीही येणार नाहीये.

तीन_पोरांची_आई | रात्री ११:५२

बाकी सगळं नंतर. शेवटची शू कधी केली? पाणी पितेय का? श्वास जोरात चाललाय का? अंगावर पुरळ? मान वाकवते ना नीट?

ओली_माती | रात्री ११:५८

शू तासाभरापूर्वी केली. पाणी घोट घोट पितेय. पुरळ नाही. श्वास मोजला, ती झोपेत असताना मिनिटाला ३४. मान वाकवते.

तीन_पोरांची_आई | मंगळवार, रात्री १२:०३

मग सकाळपर्यंत थांबायला हरकत दिसत नाही. वर्षाच्या पुढच्या मुलात श्वास ४० च्या वर गेला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, पाणीच घेईना, सहा-आठ तास शू नाही, हाक मारली तर डोळे उघडत नाही, झटका आला किंवा काचेचा पेला दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलून निघायचं. एवढं उशाशी लिहून ठेव आणि पड जरा.

शंकासुर | रात्री १२:२०

स्पष्ट लिहितो, राग नसावा. घसा "किंचित लाल" म्हणून अँटिबायोटिक? तापाने रडणाऱ्या कुठल्याही मुलाचा घसा लालच दिसतो. विषाणूचा ताप असेल आणि विषाणूला अँटिबायोटिक लागू पडत नाही. म्हणजे औषध "चाललं नाही" हे वाक्यच चूक. त्याला काम नव्हतंच. आता त्याच्यावर दुसरं, मग तिसरं, मग इंजेक्शन. ताप हा शत्रू नाही, शरीर लढतंय. बंद करा सगळं आणि थांबा. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

चिमणचारा | रात्री १२:३१

शंकासुर, सहाव्या दिवशी १०३ ताप असलेल्या बाळाच्या आईला मध्यरात्री "बंद करा सगळं"? धन्य आहात.

ओली_माती, आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी औषध बदललं होतं आणि लगेच ताप उतरला. तुम्हीही बदलून घ्या.

शंकासुर | रात्री १२:३४

किंवा ताप उतरायचाच होता आणि श्रेय दुसऱ्या बाटलीला मिळालं.

गणिती_बाबा | रात्री १२:५०

भांडणात पडत नाही. एक वेगळाच प्रश्न, कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं. औषध नेमकं किती आणि कसं देताय?

आमच्याकडे कोरडी पूड असलेली बाटली होती. मी खुणेपर्यंत पाणी ओतलं, हलवलं, फेस खाली बसला तेव्हा पातळी खुणेच्या बरीच खाली. ते माझ्या लक्षातच आलं नाही. शिवाय देताना दर वेळी बाटली हलवत नव्हतो. औषध तळाशी साचतं, त्यामुळे पहिले दोन दिवस पोराला जवळजवळ रंगीत पाणी आणि शेवटी शेवटी नुसता गाळ. वर चमचा स्वयंपाकघरातला. मी नंतर सिरिंजने मोजून पाहिलं, घरातल्या दोन चमच्यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले औषध लागू पडत नाहीये. औषध पोटात गेलं कुठे होतं?

तेव्हापासून घरात फक्त सुई नसलेली सिरिंज. बायको मला कंपाउंडर म्हणते.

ओली_माती | रात्री ०१:०५

सिरिंजनेच देतेय, हलवूनही देते. पण आजच्या दोन उलट्यांपैकी एक औषध दिल्यावर दहा मिनिटांत झाली. परत द्यायचं होतं का? मी नाही दिलं.

स्टेथोस्कोप | सकाळी ०६:१५

धागा आत्ता पाहिला. मी बालरोगाचं काम करते. मुलीला न बघता कुठलंही औषध सुचवणार नाही, पण ओली_माती यांचा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून ओपीडीच्या आधी सविस्तर लिहिते.

पहिलं अँटिबायोटिक बहुतेक वेळा अंदाजावर दिलेलं असतं. या वयात, या लक्षणांत, सहसा कोणते जंतू असतात, त्यावरून. तो अंदाज चुकणं म्हणजे डॉक्टर चुकणं नव्हे. मात्र ताप उतरला नाही की तोच अंदाज आणखी मोठ्या आवाजात सांगायचा, म्हणजे फक्त जास्त कडक औषध लिहायचं, ही चूक आम्ही लोक करतो. त्या क्षणी पहिल्यापासून विचार करायला हवा.

आधी वेळ. जंतुसंसर्ग असेल आणि औषध बरोबर असेल तरी ४८ ते ७२ तास द्यावे लागतात. त्याआधी मूल खालावत नसेल तर बदलाबदली करून काही मिळत नाही. (चिमणचारा, तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या बदलाबद्दल शंकासुर म्हणतात ते मला पटतं.) याला मोठा अपवाद टायफॉइडचा. तिथे योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडा लागतो, आणि तेवढ्यात पालक दोन डॉक्टर बदलून मोकळे होतात. नुसता आकडा बघू नका. दोन चढांमधलं अंतर वाढतंय का, शिखर थोडं खाली आलंय का, ताप उतरलेल्या वेळात मूल हसतंय का, हे बघा. इथे तीन दिवस पूर्ण झाले आणि यातलं काहीच झालेलं नाही, म्हणजे फेरविचाराची वेळ आलीच आहे. सासूबाईंना सांगा, वेळ दिला.

मग औषध पोचलं का. गणिती_बाबांनी लिहिलंच. उलटीबद्दल: साधारण अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायला सांगतात, पण औषधागणिक फरक पडतो, म्हणून फोन करून विचारावं. आणखी एक गंमत. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकच्या बाटल्यांत दोन घटकांचं प्रमाण वेगवेगळं असतं, चारास एक, सातास एक, चौदास एक. अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवायचा म्हणून चारास एकची बाटली घरच्या घरी दुप्पट केली तर क्लॅव्हुलॅनिकही दुप्पट होतं आणि जुलाब सुरू होतात. कालवलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि सहसा ७ दिवसांनी फेकायची.

मग खरा प्रश्न: जंतू दुसराच आहे का? मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. अमॉक्सिसिलिन भित्तिकेवर घाव घालतं, म्हणजे जिथे भिंत नाही तिथे पहार घेऊन उभं राहण्यासारखं. की जंतू तोच पण दाद देईनासा झालाय? की औषध बरोबर आहे पण पू एखाद्या कप्प्यात साठलाय, जिथे ते पोचत नाही? की जंतुसंसर्ग नाहीच?

शेवटचा मुद्दा शंकासुर यांचा, आणि तो अर्धा बरोबर आहे. लहान मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचेच. पण सहा दिवस, १०३, सर्दी-खोकला काही नाही, कापरं भरतंय, उलट्या. दोन वर्षांखालच्या मुलीत असं चित्र दिसलं की माझं बोट पहिल्यांदा लघवीकडे जातं. उद्या (म्हणजे आज) एवढंच विचारा: "औषध बदलण्याआधी लघवीचं आणि रक्ताचं कल्चर घ्यायचं का?" (कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी.)

आणि बंद करून थांबा हा सल्ला तीन महिन्यांखालच्या बाळाला तर कुणीही, कधीही देऊ नये. तिथे १००.४ ताप म्हणजे लगेच दवाखाना.

निवांत_कासव | सकाळी ०७:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली).

कुंपणावरचा_सरडा | सकाळी ०७:१०

एरवी फक्त वाचतो, आज लॉगिन केलं. १००.४ हा आकडा इतका विचित्र का असतो हे मला कालपर्यंत कळत नव्हतं. ३८ सेल्सिअस हो! फॅरनहाइटमध्ये आणताना शेपूट फुटलं. अवांतराबद्दल माफी.

प्रयोगशाळेतला_उंदीर | सकाळी ०९:३०

स्टेथोस्कोप ताईंनी "कल्चर" शब्द काढला आणि माझा बिळातून बाहेर यायचा मुहूर्त झाला. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो. तुम्ही पाठवलेल्या बाटल्यांच्या पलीकडच्या बाजूला.

पालकांची सगळ्यात मोठी तक्रार असते, "कल्चरला दोन-तीन दिवस का लागतात, मशीन नाही का?" मशीन आहे. पण जंतूला वाढावं लागतं. नमुना पोषक थरावर पसरतो, रात्रभर उबेला ठेवतो, सकाळी ठिपके दिसतात. ते कोण आहेत हे ओळखायचं. मग त्याच जंतूला वेगवेगळ्या औषधांसमोर बसवायचं आणि कुणासमोर मान टाकतो ते बघायचं. त्यात आणखी एक रात्र जाते. घाई केली तर नाव कळेल, स्वभाव कळणार नाही.

लघवीचा नमुना कसा घेतला यावर सगळं अवलंबून. लहान मुलांना चिकटवायची पिशवी मिळते ना, तिच्यात कातडीवरचे आणि शीच्या जागेचे जंतू हमखास येतात. पिशवीतल्या नमुन्यात काही उगवलं नाही तर ते खरं माना. उगवलं तर माझा त्यावर फार विश्वास नसतो. बारीक नळी घालून काढलेला किंवा मधल्या धारेचा झेललेला नमुना हवा. आणि तो तासाभरात आमच्याकडे, नाहीतर फ्रिजमध्ये. ई. कोलाय अनुकूल वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो. गाडीत दोन तास फिरलेली बाटली म्हणजे एकाची चौसष्ट पिल्लं. मग मी आकडा लिहितो तो तुमच्या मुलीचा की गाडीचा?

रक्ताचं म्हणाल तर बाळांकडून एखाद-दोन मिली मिळतं. कमी रक्त म्हणजे जंतू सापडायची शक्यता कमी. कातडी नीट साफ केली नाही तर कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस बाटलीत शिरतो आणि निष्पाप मुलाला जंतू लागल्याचा रिपोर्ट जातो. मी असे रिपोर्ट खाली सही करताना दहादा विचार करतो.

आणि हो, "आता औषध चालू आहे, कल्चरचा काय उपयोग?" असं कुणी म्हणेल. औषधाआधी नमुना घेणं उत्तमच. पण तीन दिवस औषध पोटात असूनही जर लघवीत जंतू जोमात उगवला, तर तो या औषधाला भीक घालत नाही हेच त्याने सांगितलं. ओली_माती, नमुना द्या. आज द्या. नवी बाटली उघडायच्या आधी द्या.

चिमणचारा | सकाळी ०९:४४

मधली धार झेलायची?? पावणेदोन वर्षांच्या मुलीची?? उंदीरमामा, तुम्हाला मुलं आहेत का?

प्रयोगशाळेतला_उंदीर | सकाळी ०९:५०

दोन. एकदा बायको आणि मी निर्जंतुक डबी घेऊन पाऊण तास गुडघ्यावर बसलो होतो. डबी खाली ठेवली त्या क्षणी कार्यक्रम झाला. ओटीपोटावर गार, ओला बोळा हलकेच फिरवला तर बाळांमध्ये कधी कधी लवकर यश येतं. नाहीतर सरळ नळी. क्षणभर रडतं मूल, पण उत्तर खरं मिळतं.

रानवारा | सकाळी १०:२०

आमच्या भाच्याची गोष्ट. पाच वर्षांचा. नऊ दिवस ताप, दोन अँटिबायोटिक झाली, दुसरं तर शिरेतून. सगळे कल्चर कोरडे. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे सगळे कपडे उतरवायला लावले आणि काखेत खोल एक काळी खपली सापडली, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्याने सांगितलीच नाही आणि कुणी पाहिलीच नाही. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होतो म्हणे. डॉक्सिसायक्लिन दिलं आणि दुसऱ्या दिवशी ताप गायब. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

स्टेथोस्कोप | दुपारी ०२:०५

रानवारा, नेमकी गोष्ट. हा जंतू पेशीच्या आत राहतो. नेहमीची पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं कितीही महागडी दिली तरी त्याला काही होत नाही, आणि नेहमीच्या कल्चरमध्ये तो उगवतही नाही. योग्य औषध मिळालं तर ४८ तासांत ताप जातो. इतका पटकन, की ताप तसाच राहिला तर निदानावरच शंका घ्यावी. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिनने दात पिवळे होतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे आहे. छोट्या कोर्सला आता आम्ही घाबरत नाही.

फेरतपासणी म्हणजे काखा, जांघा, कानामागे, डोक्यात केसांखाली, सगळीकडे बघणं. ही तपासणी फुकट असते आणि सगळ्यात आधी तीच राहून जाते.

तीन_पोरांची_आई | दुपारी ०२:४०

पू कप्प्यात साठतो म्हणाल्या ना ताई, ते आमच्या मधल्याचं. न्यूमोनिया होता, औषध शिरेतून, सगळं अगदी बरोबर. तरी चौथ्या दिवशी १०४. मी डॉक्टरांवर ओरडले, औषध बदला म्हणून. त्यांनी शांतपणे छातीची सोनोग्राफी केली. फुप्फुसाभोवती पू भरलेला. त्यात जाळ्या पडायला लागल्या होत्या. नळी घातली, जाळ्या विरघळवायचं औषध आत सोडलं, आणि ताप ओसरायला लागला. अँटिबायोटिक तेच होतं, पहिलंच! मी ज्याला नावं ठेवली तेच.

ओरडल्याबद्दल माफी मागायला तीन वर्षांनी गेले. त्यांना आठवतही नव्हतं.

निवांत_कासव | दुपारी ०३:१५

मीही एक टाकतो. मुलगा अकरा महिन्यांचा, तीन दिवस १०३-१०४. दुसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिन दिलं. चौथ्या दिवशी ताप गेला आणि पोटा-पाठीवर गुलाबी पुरळ. सगळे म्हणाले औषधाची ॲलर्जी. फाइलवर लाल अक्षरात पेनिसिलिनचं नाव. त्यानंतर सहा वर्षं कान दुखला तरी दुसऱ्या फळीची औषधं. शेवटी एका डॉक्टरांनी पहिल्यापासून सगळं विचारलं आणि हसले. ताप उतरताना आलेलं पुरळ म्हणजे रोझिओला, विषाणूचा आजार. रीतसर चाचणी करून ॲलर्जी नाही हे सिद्ध झालं. लाल अक्षरं खोडायला सहा वर्षं.

शंकासुर | दुपारी ०३:२०

निवांत_कासव, आभार. मी हेच म्हणत होतो.

चिमणचारा | दुपारी ०३:२२

तुम्ही "बंद करा सगळं" म्हणत होतात.

आजोबा_ऑनलाइन | दुपारी ०४:००

दोघांनाही दिवे घ्यायला, म्हणजे हलकेच घ्यायला सांगतो. आमच्या नातवाचं कुणी लिहील असं वाटलं होतं, कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

सात दिवस ताप. दोन अँटिबायोटिक. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ चिरलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, हातापायांचे तळवे सुजलेले, मानेत एक गाठ. पण हे सगळं एकाच दिवशी दिसलं नाही हो! डोळे लाल होते तेव्हा पुरळ नव्हतं, पुरळ आलं तोवर डोळे निवळले. माझ्या सुनेने रोज फोटो काढून ठेवले होते. ते फोटो ओळीने बघून डॉक्टरांनी कावासाकी आजार ओळखला. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये पहिल्यांदा नोंदवला, त्यांचंच नाव. जंतूंचा आजारच नव्हे, रक्तवाहिन्यांचा दाह. हृदयाच्या धमन्यांना फुगे येऊ शकतात, उपचार नाही केले तर चारातल्या एका मुलाला. इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचं औषध) शिरेतून दिलं आणि तापाच्या दहा दिवसांच्या आत द्यायला हवं होतं, आम्हाला आठव्या दिवशी मिळालं. हृदय ठीक आहे. परवा शर्यतीत पहिला आला. (शर्यतीत चारच मुलं होती.)

स्टेथोस्कोप | दुपारी ०४:३०

आजोबा, नमस्कार तुमच्या सुनेला. पाच दिवसांच्या वर ताप, अँटिबायोटिकला दाद नाही, तर कावासाकी मनात यायलाच हवा. लहान बाळांत तर सगळी लक्षणं दिसतही नाहीत.

ओली_माती | संध्याकाळी ०७:५०

सगळ्यांचे खूप आभार. एकेकाला उत्तर द्यायला बळ नाही.

दाखल आहोत. मी तो एक प्रश्न विचारला. डॉक्टर दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "बरोबर आहे, आधी नमुने." नळीने लघवी घेतली, लघवीत पू-पेशी भरपूर. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) बराच वाढलेला. डोक्यापासून पायापर्यंत तपासली, खपली नाही, डोळे-ओठ ठीक. रक्त आणि लघवी दोन्ही कल्चरला गेलं. अमिकासिन हे दुसरं अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलं, रिपोर्ट आला की ठरवू म्हणाले. मला आठवलं की चार दिवस डायपरला उग्र वास येत होता. तापाने शू घट्ट झाली असेल म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही.

तीन_पोरांची_आई | संध्याकाळी ०७:५५

ते मनाला लावून घेऊ नकोस. नुसत्या वासावरून डॉक्टरही निदान करत नाहीत. आता नवऱ्याला बसव आणि तू दोन तास झोप.

ओली_माती | गुरुवार, सकाळी ११:३०

कालपासून चढ १०१ च्या वर नाही. आज पहाटेपासून तापच नाही! रिपोर्ट आला. ई. कोलाय, मिलीला १ लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. अमॉक्सि-क्लॅव्हपुढे आर (म्हणजे जंतू दाद देत नाही; एस म्हणजे देतो), सेफिक्झिमपुढे आर, सेफ्ट्रिॲक्झोनपुढे आर. अमिकासिनपुढे एस, मेरोपेनेमपुढे एस, नायट्रोफ्युरँटॉइनपुढेही एस. रक्ताच्या कल्चरमध्ये अजून काही उगवलेलं नाही.

उंदीरमामा, एक शंका. नायट्रोफ्युरँटॉइन तोंडाने देता येतं ना? मग ते देऊन घरी का सोडत नाहीत? विचारलं तर डॉक्टर राउंडच्या घाईत होते.

प्रयोगशाळेतला_उंदीर | दुपारी १२:१०

हा प्रश्न मला फार आवडला, कारण रिपोर्ट वाचताना नेमकी इथेच फसगत होते. एस म्हणजे माझ्या बशीत जंतू त्या औषधासमोर मरतो. तुमच्या मुलीच्या शरीरात औषध त्या जागी पोचेल का, हे बशीला माहीत नसतं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यात पुरेसं साठत नाही. नुसत्या मूत्राशयाच्या जळजळीला उत्तम. ताप, कापरं, उलट्या म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याचं चिन्ह, तिथे ते अपुरं. अमिकासिन मूत्रपिंडात छान पोचतं.

ईएसबीएल म्हणजे जंतूकडे असलेलं एक विकर, जे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनची कडी तोडतं. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन सगळे त्यात गारद. कल्चर न घेता मंगळवारी सेफ्ट्रिॲक्झोन लावलं असतं तर आज तुम्ही "इंजेक्शननेही ताप उतरत नाही" असा धागा काढला असता.

स्टेथोस्कोप | दुपारी ०१:३०

आणि मेरोपेनेम एस असूनही ते दिलं नाही, याबद्दल तुमच्या डॉक्टरांचं कौतुक. ते शेवटच्या पेटीतलं शस्त्र आहे. अमिकासिनवर काम भागतंय तर पेटी बंद ठेवलेली बरी. अमिकासिन चालू असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात आणि डोस वजनावर काटेकोर ठेवतात, कारण जास्त झालं तर मूत्रपिंड आणि कान दोन्हींना त्रास. एकूण ७ ते १० दिवसांचे उपचार होतील. ताप गेला म्हणून मध्येच सोडू नका. मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीचं विचारून घ्या.

शंकासुर | दुपारी ०२:००

माझं सोमवारचं मत या मुलीपुरतं चुकलं. बरं झालं कुणी ऐकलं नाही. मात्र असे दाद न देणारे जंतू आले कुठून? न लागणाऱ्या ठिकाणी वाटलेल्या बाटल्यांतूनच ना? तेवढं मागे घेणार नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर | दुपारी ०२:१५

घेऊही नका. २०१९ मध्ये जगभरात १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यातला पाचातला एक पाच वर्षांखालचा. तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त सहाव्या दिवशीच्या १०३ तापावर ते उत्तर नव्हतं.

चिमणचारा | दुपारी ०२:२०

शंकासुर, भा.पो. (भावना पोचल्या). आता मीही कबूल करते, आमचा ताप बहुधा आपला आपणच उतरला होता.

ओली_माती | पाच आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं छान. पुन्हा असा ताप आला तर लघवी उलट वर जाते का याची तपासणी करू, तूर्त गरज नाही म्हणाले. ताप आला की पहिल्या ४८ तासांत लघवी तपासायची, एवढं फ्रिजवर लिहून ठेवलंय. डायपर बराच वेळ तसाच ठेवत नाही. बद्धकोष्ठ होतं तेही बघतोय, त्यानेही हा त्रास परत येतो म्हणे.

मुलगी आता बाहुलीला रिकाम्या सिरिंजने औषध पाजते. पाजण्याआधी बाटली हलवते. जोरात.

गणिती_बाबा | रात्री १०:१०

डोळे पाणावले. बाहुलीचं वजन किती?

नवा_पाहुणा | रात्री ११:२५

धागा पूर्ण वाचला नाही, मोठा आहे. पुतणीला कालपासून ताप आहे. मोठ्या मुलाची अर्धी बाटली अँटिबायोटिक घरात उरली आहे. किती मिली देऊ?

तीन_पोरांची_आई | रात्री ११:२६

शून्य. आणि धागा पूर्ण वाचा.